पर्यावरण शिक्षणात उतरताना वनस्पतिशास्त्र सोडायचं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कराड तालुक्यातली एक मुलगी, शिवाजी विद्यापीठातून वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झालेली. तिला शाळांमध्ये आणि गावांमध्ये पर्यावरणाचं काम करायचंय. घरचे म्हणतात, बी.एड. करून नोकरीला लाग. सर म्हणतात, पीएच.डी. कर. संस्थेत काम करणारी मैत्रीण म्हणते, लोकांत जायचं असेल तर लॅटिन नावं विसर. सातारा-सांगलीत राहून हे जमेल का, बाईमाणूस म्हणून काय अडेल, आणि एखाद्या प्रकल्पाविरुद्ध बोलायची वेळ आली तर पोटापाण्याचं काय, असं तिने विचारलंय.

तुझ्या वयाच्या मुलींना शिकवण्यातच माझी नोकरीची सगळी वर्षं गेली, त्यामुळे अगं-तुगंच करते.

जमतं. मात्र या कामाच्या नावाची जागा जाहिरातीत शोधत बसू नकोस. पर्यावरण हा विषय शिक्षणाच्या सगळ्या टप्प्यांवर शिकवा, असं सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ साली सांगितलं. पुढे यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, पदवीच्या मुलांना सहा महिन्यांचा सक्तीचा अभ्यासक्रम लावला. विषय आला, पण त्याच्याबरोबर शिक्षकांच्या जागा फारशा आल्या नाहीत. बऱ्याच महाविद्यालयांत ज्याचा वर्कलोड कमी पडतो त्याच्या गळ्यात हा विषय पडतो, नाहीतर तासिका तत्त्वावर कुणीतरी नेमलं जातं. मुलांचा 'पर्यावरण प्रकल्प' झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतो, मुखपृष्ठावर फक्त नाव बदलायचं. मी असे प्रकल्प गठ्ठ्याने तपासलेत. एकाच विहिरीच्या पाण्याचा सामू (पीएच) दहा गावांच्या वह्यांत सापडतो.

तेव्हा पोट भरेल ते दोन-तीन ठिकाणांहून. थोडे तास महाविद्यालयात, एखाद्या संस्थेचा प्रकल्प, वनखात्याची किंवा शिक्षकांची प्रशिक्षणं, पर्यावरण आघात अहवाल करणाऱ्या सल्लागारांकडे हंगामी सर्वेक्षण. अलीकडे कंपन्यांतही कामं निघालीत, कारण शेअर बाजारातल्या वरच्या १००० कंपन्यांना २०२२-२३ पासून शाश्वततेचा अहवाल देणं सेबीने बंधनकारक केलंय. पहिली दोन-तीन वर्षं असं काही केलंस तर त्यात कमीपणा मानू नकोस. पाण्याचे आणि विजेचे आकडे कसे मांडले जातात आणि कसे झाकले जातात, हे तिथे कळतं.

आता मैत्रिणीच्या सल्ल्याकडे येते. तो मला साफ नापसंत आहे. सभेत लॅटिन नावं फेकू नयेत, हे खरं. पण विज्ञान घरी ठेवून गेलीस, तर तुझ्याकडे सांगायला उरतं काय? झाडं लावा, प्लास्टिक टाळा, पाणी वाचवा. एवढं तर चौथीतलं पोरही म्हणून दाखवतं.

साताऱ्याजवळच्या कास पठाराचंच बघ. मे महिन्यात कोणी पठारावर जाऊन उभं राहिलं, तर त्याला काळाकुट्ट जांभा दिसतो. नजर जाईल तिथवर झाड नाही. लगेच कळवळा येतो की इथे झाडं लावली पाहिजेत. जुलै आला की कुठल्या ना कुठल्या पठारावर खड्डे काढायला कोणीतरी उत्साहाने निघतंच. त्या माणसाला थांबवायचं, तर तुला सांगता आलं पाहिजे की या खडकावर माती बोटं-दोन बोटं असते, काही ठिकाणी तेवढीही नाही. त्यात नत्र जवळपास नसतंच, म्हणून तर दवबिंदू आणि सीतेची आसवं यांसारख्या वनस्पती किडे पकडून आपली गरज भागवतात. पावसाळ्यात पाणी साचतं, हिवाळ्यात सगळं वाळून कोळ होतं, आणि या दोन टोकांमध्ये जगायला शिकलेल्या वनस्पतीच तिथे टिकतात. साताऱ्याचं नाव लावणारा वायतुरा १९८२ मध्ये शास्त्रात नोंदला गेला. तो सह्याद्रीतल्या अशा मोजक्या पठारांपलीकडे सापडत नाही. तिथे बाहेरची माती आणि शेणखत टाकून रोप लावलं, की आधी दांडगं गवत माजतं आणि बुटकी मंडळी त्याखाली जातात. साडेआठशेच्या आसपास सपुष्प वनस्पती असलेलं, २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेलेलं हे पठार वृक्षारोपणाने बिघडू शकतं, हे पाचशे रोपं घेऊन आलेल्या मुख्याध्यापकांना पटवायचंय. तिथे कळवळ्याला कळवळ्याने उत्तर देऊन भागत नाही.

कुंपणाचंही तसंच झालं. गर्दीने फुलं तुडवली जायला लागली, म्हणून कासला तारेचं कुंपण घातलं. हेतू चांगला होता. पण त्याने माणसांबरोबर गुरंही अडली. पिढ्यान्पिढ्या चरणारी गुरं थांबली, गवत उंच झालं आणि फुलं विरळ व्हायला लागली, असं आधी गावकरी म्हणायला लागले, मग अभ्यासकही. शेवटी कुंपण निघालं. गावातल्या बायाबापड्यांना हे आधी दिसलं होतं, पण त्यांच्याकडे नोंदी नव्हत्या, आणि नोंदींवाचून कचेरीत कोणी ऐकत नाही. पठारांच्या परिसंस्थेवर डॉ. अपर्णा वाटवे यांनी, किंवा इथल्या वनस्पतींवर कोल्हापूरच्या प्रा. एस. आर. यादव यांनी वर्षानुवर्षं जे काम केलं, ते अशा वेळी उपयोगी पडतं. आज पठारांबद्दल बोलणारे आम्ही सगळे त्याच शिदोरीवर बोलतो.

म्हणून तुला एकच गोष्ट ठासून सांगते. एक जागा धर आणि तिच्या नोंदी ठेव. मोठी नको. मी मुलांना एक मीटर बाजूचा दोरीचा चौकोन आखायला लावते. चार कोपऱ्यांना खुणेचे दगड, आणि तोच चौकोन जून ते ऑक्टोबर दर पंधरवड्याला बघायचा. कासजवळच्या शाळेत मुलांना पहिल्या पावसानंतर दीपकाडी दिसते, मग गेंदाचे पांढरे ठिपके, मग आसवांचा निळा-जांभळा रंग, तेरड्याचा गुलाबी, शेवटी सोनकीचा पिवळा. एकाच हातभर जागेत पाळीपाळीने कोण येतं आणि कोण जातं, हे एकदा वहीत उतरलं की त्या मुलाला 'पठार ओसाड आहे' असं कोणी सांगून दाखवावं! दुष्काळी माण तालुक्यातल्या शाळेत हाच चौकोन माळावर टाकायचा. तिथली कुसळं, पवना, मारवेल ही नावं मुलांच्या आज्यांना तोंडपाठ असतात. सात-बाऱ्यावर ज्याला 'पडीक' म्हटलंय तो माळ मेंढरांचा आणि लांडग्याचा असतो, हे पुस्तकात कमी सापडतं. माझा पीएच.डी.चा विषय गवतं असल्याने वरच्या गावांत मला अजूनही 'गवतवाल्या बाई' म्हणतात. आमच्या विभागात त्यावर हसायचे. पण गुरांना कुठलं गवत आवडतं यावर मी बायकांशी तासभर बोलू शकायचे, आणि पुढची सगळी दारं त्या गप्पांनीच उघडली.

तुझ्या भागात मात्र पठारं नाहीत, ऊस आहे. कराडपासून वाळव्यापर्यंत आणि पुढे मिरजेपर्यंत ऊसच. तिथे पर्यावरण शिकवायचं तर पाचटापासून, म्हणजे तोडणीनंतर रानात राहणाऱ्या उसाच्या वाळल्या पाल्यापासून, सुरुवात कर. 'पाचट जाळू नका' असं भिंतीवर रंगवून काही होत नाही, कारण शेतकऱ्याला ते आधीच माहीत असतं. तो जाळतो त्याला कारणं आहेत. खोडव्याला, म्हणजे तोडलेल्या बुडख्यांतून फुटणाऱ्या पुढच्या उसाला, पाणी देताना सरी तुंबते, आंतरमशागत अडते, उंदीर-सापांची धास्ती असते, आणि शेजाऱ्याने पेटवलं की वाऱ्याने आपलंही पेटतं. आधी ही कारणं ऐकून घ्यायची. मग हिशोब मांडायचा, आणि तो मुलांकडून मांडून घ्यायचा.

हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघतं, म्हणजे गुंठ्याला साधारण ऐंशी ते शंभर किलो. नववीची मुलं एका गुंठ्यातलं पाचट गोळा करून काट्यावर सहज तोलू शकतात. त्यात अर्धा टक्का नत्र असतं. म्हणजे हेक्टरी चाळीस-पन्नास किलो नत्र, युरियाच्या दोन गोण्यांच्या घरात. पाचट पेटवलं की ते बहुतेक सगळं धुरात जातं. शिवाय जमिनीला मिळणारा सेंद्रिय कर्ब गेला, तो वेगळाच. मुलगा घरी जाऊन बापाला सांगतो, "आबा, आपण दोन पोती जाळली." हे वाक्य त्या घरात माझ्या भाषणापेक्षा जास्त चालतं. त्यानंतर उपाय सांगायचा: बुडखे जमिनीलगत तासायचे, पाचट सरीत नाहीतर एक सरी आड दाबायचं, त्यावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत. सगळे ऐकत नाहीत. काही जण पहिल्या वर्षी अर्ध्याच रानात करून बघतात, आणि तसंच बघायला सांगावं. ज्यांच्या रानात आधीच क्षार फुटलेत, त्यांना पाचटावरून निचऱ्याकडे आणि पाण्याच्या मापाकडे न्यावं लागतं. तो विषय स्वतंत्र आणि किचकट आहे, पण मिरज-वाळव्याच्या मुलांना त्याची तोंडओळख दिल्याशिवाय राहू नकोस.

उसावरून जानकी अम्मल आठवतात. तुला त्यांच्याबद्दल अभ्यासक्रमात एखादी ओळ आली असेल. जन्म १८९७, मिशिगन विद्यापीठाची वनस्पतिशास्त्रातली डॉक्टरेट १९३१ ची, आणि नंतर कोईमतूरच्या ऊस संशोधन केंद्रात गुणसूत्रांवर काम. आपल्याकडे ज्याच्या जोरावर कारखाने चालतात त्या को ८६०३२ या उसाच्या जातीतला 'को' त्याच कोईमतूरचा. केरळात सायलेंट व्हॅलीवर धरण बांधायचं घाटत होतं, तेव्हा या बाई ऐंशीच्या घरात होत्या. त्या नुसत्या पत्रकावर सही करून थांबल्या नाहीत. तिथल्या झाडांच्या गुणसूत्रांची पाहणी त्यांनी हाती घेतली, म्हणजे आयुष्यभर जे हत्यार वापरलं तेच तिथेही काढलं. १९८४ साली त्या गेल्या आणि त्याच वर्षी सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाली. धरण थांबलं ते अनेकांच्या लढ्याने, एकट्या त्यांच्यामुळे नव्हे. पण वैज्ञानिक बाईने चळवळीत कुठल्या बाजूने शिरावं याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

सांगलीत काम करणार असशील तर पूर टाळून चालणार नाही. २००५, २०१९ आणि २०२१. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे सांगलीच्या पोरांना पाढ्यासारखं पाठ असतं. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तिथल्या एका शाळेत आम्ही मुलांना इतकंच करायला लावलं: घरोघरी जाऊन भिंतीवरच्या तिन्ही पुरांच्या खुणा मोजायच्या आणि गल्लीच्या नकाशावर लावायच्या. आयर्विनला किती फूट झाले की आपल्या गल्लीत पाणी येतं, याचा तक्ता मुलांनीच तयार केला. सूर्यवंशी प्लॉटला ते केव्हा कळतं आणि गावभागाला केव्हा, यात किती फरक आहे हे शिक्षकांनाही तेव्हाच दिसलं.

मग वर्गात खरा वाद सुरू होतो. पूर कशामुळे आला? कोयना-वारणेच्या विसर्गामुळे, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे, पाणलोटातल्या पावसामुळे, की नदीच्या पात्रात शिरलेल्या बांधकामांमुळे? शिक्षिकेने इथे एक कारण हातात देऊन मोकळं होऊ नये, असं माझं ठाम मत आहे. अलमट्टीचं नाव घेतलं की टाळ्या पडतात. पण सगळं तिच्यावर ढकललं की पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि तिच्या आत उभे राहिलेले आपलेच बंगले नजरेआड होतात. मुलांना पाटबंधारे खात्याचे रोजचे आकडे आणून द्यावेत आणि वाद घालू द्यावा. पालकांपैकी कोणाचा तरी प्लॉट निळ्या रेषेत निघतोच, आणि तिथे वर्ग एकदम शांत होतो. ती शांतता सांभाळायला शिकावं लागतं. मुलाला शरमिंदं करायचं नाही.

प्रकल्पाविरुद्ध बोलण्याचा तुझा प्रश्न यालाच लागून आहे. २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेप्रमाणे मोठ्या प्रकल्पाला जनसुनावणी लागते. तीस दिवस आधी सूचना निघते, अहवालाचा सारांश मराठीत मिळायला हवा, जिल्हाधिकारी किंवा त्यांचे वरिष्ठ प्रतिनिधी अध्यक्ष असतात, आणि ज्याचा प्रकल्पाच्या परिणामांशी संबंध आहे असं कोणीही लेखी म्हणणं देऊ शकतं. या शेवटच्या सोयीचा उपयोग फार कमी लोक करतात. सभेत आवाज चढवायला गावात माणसं भरपूर असतात. अहवालातली वनस्पतींची यादी उघडून 'ही झुडपं इथे होतच नाहीत आणि जी होतात ती यादीत नाहीत' असं लिहून देणारं माणूस मिळत नाही. ते तू हो. दुसऱ्या जिल्ह्याच्या अहवालातून उचललेल्या याद्या माझ्या पाहण्यात आल्यात. गावातल्या झाडा-प्राण्यांची नोंद ठेवणाऱ्या, पण घाईघाईत भरलेल्या लोक जैवविविधता नोंदवह्यांचीही तीच गत. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती असायला हवी. तुझ्या गावची नोंदवही मागून वाच, आणि ती कच्ची असेल तर दुरुस्त करायला समितीबरोबर बस. हे काम कोणाच्या डोळ्यावर येत नाही, पण पुढे कागद म्हणून उभं राहतं.

नोकरीत असताना मीही असं लेखी म्हणणं दिलंय. एका ठिकाणी वरून 'मॅडम, हे आपलं काम नव्हे' असा गोड निरोपही आला होता. मी वनस्पतींपुरतंच लिहिलं होतं, खाली माझं नाव आणि पदवी होती, संस्थेचं लेटरहेड वापरलं नव्हतं. त्यामुळे विषय तिथेच मिटला. नोकरी लागली की आधी सेवानियम वाचून घे. आपल्याला काय बोलता येतं हे माहीत असलं की निम्मी भीती जाते.

बाईमाणूस म्हणून सगळ्यात मोठी अडचण काय, तर पठारावर आणि माळावर आडोसा नसतो. हसू नकोस, यावर एकाही अहवालात परिच्छेद नाही, आणि माझ्या कितीतरी विद्यार्थिनींनी केवळ यापायी क्षेत्रकाम सोडून प्रयोगशाळेतला विषय घेतला. उपाय साधा आहे: एकटीने जायचं नाही, गावातल्या दोन बाया सोबत घ्यायच्या, त्यांना दिवसाची मजुरी द्यायची आणि ती प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात आधीच धरायची. त्या नुसत्या सोबतीला नसतात, निम्मी स्थानिक नावं त्याच सांगतात. शेवटची एसटी किती वाजता, हे बघूनच दिवस आखायचा. लग्न, बाळंतपण, सासू-सासऱ्यांचं आजारपण यांत खंड पडला तर केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची 'वाइज-किरण' योजना अशा वेळी उपयोगी पडू शकते. तिची जाहिरात बघत राहा. आणि खंडाच्या काळातही तुझा तो एक मीटरचा चौकोन चालू राहू शकतो, मूल कडेवर घेऊनसुद्धा. मी तसं करणाऱ्या मुली पाहिल्यात.

राहिलं बी.एड. आणि पीएच.डी. घरचे म्हणतात म्हणून बी.एड.ला नाक मुरडू नकोस. रयतच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत कायम शिक्षिका असलेली बाई या कामात जितकी खोल जाऊ शकते, तितकी तीन वर्षांच्या प्रकल्पावर आलेली कार्यकर्ती जात नाही, कारण तिच्या हातात तीच मुलं वर्षानुवर्षं असतात. पगार वेळेवर येतो, हेही कमी नाही. पण तुला गावांपेक्षा संशोधनाची ओढ जास्त असेल, तर नेट किंवा सेट देऊन पीएच.डी.च कर. दोन्हीत चुकीचं काही नाही. फक्त 'आधी पीएच.डी. संपवते, मग लोकांत जाते' असं ठरवू नकोस. विषयच असा घे की लोकांत गेल्याशिवाय तो पुरा होणार नाही: कृष्णाकाठची गवतं, क्षारपड रानात टिकून राहिलेल्या वनस्पती, देवराया, उसाच्या बांधावरची झाडं. पुण्याच्या भारती विद्यापीठात १९९३ पासून पर्यावरण शिक्षणाची स्वतंत्र संस्था आहे, तिकडे शिक्षणशास्त्राच्या अंगाने विषय घेता येतो. शिवाजी विद्यापीठात पर्यावरणशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र दोन्ही विभाग आहेत. गाईडकडे जाशील तेव्हा त्यांच्या शोधनिबंधांच्या यादीआधी त्यांच्या जुन्या विद्यार्थिनींना गाठ आणि दोनच गोष्टी विचार: सर किंवा मॅडम स्वतः फील्डवर येतात का, आणि जीपचं भाडं कोणी भरलं.